आधी भरू द्या

"आधी भरू द्या हो," मॅडम म्हणायच्या आणि उजव्या हाताची मूठ हवेत सैल सोडायच्या. अंमळ थांबून ती आवळायच्या. "हं. आता दाबा."

हे वाक्य आमच्या शाळेत कशालाही लागू पडे. टाकीच्या नळाखाली अर्धीच बाटली भरून पळणाऱ्या पोरांना, एस.टी. थांबायच्या आधी दाराला लोंबकळणाऱ्या माणसांना, चहा उकळायच्या आत कप पुढं करणाऱ्या आमच्या मुख्याध्यापकांना. एकदा मी एका मुलीला फळ्यापाशी उभी करून कवितेचा अर्थ विचारला. ती गप्प. मी चिडून म्हणालो, "बोल की!" तर शेजारच्या वर्गातून शांत आवाज आला, "सर, भरू द्या की तिला आधी." दोन्ही वर्ग हसले, मीही हसलो. आणि ती मुलगी खरंच बोलली.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याचं नाव मागाहून आठवतं आणि बोलणं आधी.

आमची शाळा डोंगरकडा गावाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडी आत. मी तिथं मराठी शिकवायचो, त्या विज्ञान शिकवायच्या. शाळेत बाकीच्याही मॅडम होत्या, पण त्यांना आडनावं लागायची. नुसतं 'मॅडम' म्हटलं की याच. त्या रोज हिंगोलीहून एस.टी.नं येत. फाट्यावर उतरून शाळेपर्यंत चालत. अंगानं बारीक, साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. चालता चालता मध्येच उभ्या राहायच्या आणि ते लपवायच्या नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "दमले, म्हणून थांबले. त्यात काय लाजायचं?"

त्यांचं ते वाक्य हृदयाच्या धड्यातून आलेलं होतं. दरवर्षी तो धडा आला की त्या येताना खाटकाकडून बोकडाचं हृदय स्टीलच्या डब्यातून आणायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी दुकानात 'काळीज' मागितलं, तर त्यानं कलेजी बांधून दिली. तेव्हापासून त्या स्वच्छ सांगायच्या, "भाईजान, कलेजी नको. दिल द्या." दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायची.

माझा डबाही नेमका तसाच. एका दुपारी मी जेवायला बसलो, झाकण उघडलं आणि माझी भूकच मेली. तेवढ्यात मॅडम दारात. "सर, तुमची वांग्याची भाजी वर्गात गेली होती. बरं झालं, वास आला म्हणून कापायच्या आधी कळलं."

त्या धड्याला वर्गात कोणी जांभई दिल्याचं मला आठवत नाही. माळकरी घरच्या काही मुली आत यायला तयार नसत. मॅडम त्यांना म्हणायच्या, "खिडकीतून पाहा बाळांनो. पाहिल्यानं माळेला काही होत न्हाई." आणि त्या मुलीच खिडकीच्या गजांना चिकटून सगळ्यांत जास्त पाहायच्या.

परातीवर ते हृदय धरून मॅडम वरच्या भागातून पाणी ओतायच्या. पाणी खाली उतरायचं. मग हलक्या हातानं दाबायच्या, की वरच्या मोठ्या नळीतून पाणी उसळायचं. पण जिथून ओतलं तिथून थेंबही परत यायचा नाही. आतल्या पातळ पडद्याच्या झडपा फुगून घट्ट मिटलेल्या असत.

"दाबून रक्त ढकलतं, हे सगळ्यांना माहीत असतं," त्या सांगायच्या. "पण दाबायच्या आधी ते सैल पडतं, ते कोणी ध्यानात घेत न्हाई. वर दोन खोल्या, खाली दोन. मधली दारं उघडी असतात, रक्त आपोआप खाली उतरतं. शेवटी वरच्या खोल्या थोडा रेटा देतात. मग खालच्या दोन्ही एकदम आवळतात. मधली दारं लागली, हा पहिला आवाज. बाहेरची उघडली. उजवीकडचं रक्त फुप्फुसात, डावीकडचं सगळ्या अंगात, एकाच वेळेला. रक्त गेलं की बाहेरची दारं लागली, हा दुसरा आवाज. म्हणजे आपण छातीला कान लावून ऐकतो, ती दारं ऐकतो. आणि मग पुन्हा सैल. बसल्या जागी भरायला वेळ जास्त लागतो, दाबायला कमी. घाई केली, तर अर्धं रिकामंच दाबलं जातं."

मी मराठीचा माणूस. पण तो धडा असला की मी माझा तास सोडून मागच्या बाकावर जाऊन बसायचो.

मॅडमच्या स्वतःच्या छातीतली गोष्ट मात्र आम्हाला एका परीक्षेत कळली. बोर्डाचा पेपर चालू होता. वर्गात इतकी शांतता, की पानं उलटलेली ऐकू यावीत. तपासणीला बाहेरून आलेले एक साहेब बाकांमधून फिरत होते. मध्येच थबकले. "घड्याळ कोणाचं वाजतंय?"

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझं आहे, साहेब."

"काढून टेबलावर ठेवा."

"काढता येणार न्हाई. आत बसवलेलं आहे."

साहेब जवळ आले, ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "माफ करा बाई."

"माफी काहून? वेळ दाखवत न्हाई, एवढंच आहे त्याचं."

त्याच दिवशी फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना त्यांनी मला सांगितलं. नरसीजवळच्या एका खेड्यात त्यांचं लहानपण गेलं. आईबाप दोघंही दुसऱ्याच्या रानात मजुरीला. घसा दुखला, मग गुडघे सुजले, ताप आला आणि गेला. घरच्यांना वाटलं, पोरगी बरी झाली. पण त्या तापानं हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती. ते कळलं कॉलेज संपता संपता, चार पावलं चालणं मुश्कील झालं तेव्हा. मग मोठ्या शहरात छाती उघडून तिथं धातूची झडप बसवली. ती मिटताना टिक् करायची. रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यायची. पालेभाज्यासुद्धा बेतानं खायच्या, कारण त्या जास्त झाल्या की गोळी नीट काम करीना.

"लग्नाचं?" मी विचारून बसलो.

"पाहुणे दोनदा आले. वहिनी म्हणाली, पदर नीट घ्या, व्रण दिसत न्हाई. मी पोहे देता देताच सगळं सांगून टाकलं." त्या हसल्या. "पोहे मात्र दोन्ही वेळेला संपवले त्यांनी."

एस.टी. आली आणि त्या चढल्या.

आता रेणुकाचं सांगतो. रेणुका आमच्याकडं बारावीला होती. तिचे वडील दत्तराव माझ्या भावकीतले, त्यामुळं पोरीला मी लहानपणापासून पाहत होतो. गोरी, कमी बोलणारी, गालांवर नेहमी लाली. आम्ही म्हणायचो, तब्येत चांगली आहे पोरीची. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. रेणुका अर्ध्या जिन्यात बसून राहायची आणि मग सावकाश वर यायची. मॅडम वरून पाहत होत्या.

"काहून बसलीस गं?"

"काही न्हाई मॅडम. पळत आले."

"पळत न्हाई आलीस. मी पाहत होते."

मॅडमनी तिला जवळ बसवून घेतलं, हळूहळू विचारलं. लहानपणी गुडघे सुजले होते. झोपलं की खोकला येतो. आडवं झालं की गुदमरतं. त्या तिला गावच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावली आणि म्हणाले, आवाज बरोबर नाही, हिंगोलीला नेऊन हृदयाची सोनोग्राफी करा.

पण रेणुकाचं लग्न ठरलेलं होतं. परीक्षा झाली की तारीख.

मॅडम मला म्हणाल्या, "सर, तुमची भावकी आहे. माझ्यासंगं चला."

आम्ही गेलो तेव्हा दत्तरावांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पसरली होती आणि ते तिच्यावरून पाय फिरवत होते. पोरीचं काही असेल हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. ओट्यावर बसलो. त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी चहा आणला. मला कपात, मॅडमना वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात. मॅडम बौद्ध घरच्या, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी पेल्याकडं एकदा पाहिलं आणि चहा घेतला.

"दत्तराव, पोरीला हिंगोलीला न्यावं लागतं."

"मॅडम, तारीख धरलेली हाय. आता दवाखाना म्हणलं की बोभाटा. लगीन होऊ द्या, मग तिचा नवरा नेईल."

"लग्न झाल्यावर लेकरू राहिलं, की अंगातलं रक्त वाढतं, आणि काळीज पळायला लागतं. हिचं आतलं दार बारीक झालंय, असं डॉक्टरला वाटून राहिलं. बारीक दारातून भरायला वेळ जास्त लागतो. पळणाऱ्या काळजाला तेवढा वेळ मिळत न्हाई. मग रक्त मागं फुप्फुसात तुंबतं. आज जिन्यावर दम लागतो, तवा बसल्या जागी लागंल. जिवावर बेतंल, दत्तराव."

"समद्या बायांला लेकरं होत्यात." दत्तराव हळदीकडं बघत म्हणाले. मग एकदम वर पाहून बोलले, "तुमाला काय ठावं लेकराचं?"

मी मान खाली घातली. इंदूबाई दाराशी उभ्या होत्या. मॅडमनी पेला खाली ठेवला.

"मला न्हाई ठावं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पण माझ्या वेळेला कोणी घरी येऊन सांगितलं नव्हतं. म्हणून मी आले."

तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"पोरगी रात्री उठून बसती. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपती." इंदूबाई नवऱ्याकडं न बघता बोलत होत्या. "तुमी रातच्याला रानात आखाड्यावर असता. तुमाला न्हाई दिसत. मी रोज पाहते. मी नेते तिला उद्या."

"कोणाला इचारून?"

"कोणालाच न्हाई."

आणि खरंच नेलं. हिंगोलीला सोनोग्राफीत कळलं, की डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता. डावीकडची वरच्या आणि खालच्या खोलीमधली झडप कडांना चिकटून अगदी अरुंद झाली होती. गालांवरची ती लालीही त्याचीच होती. तिथून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात. सुदैवानं छाती उघडावी लागली नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेतात, तिच्या टोकाला फुगा असतो, तो झडपेत नेऊन फुगवला की चिकटलेल्या कडा सुटतात. मॅडम रजा टाकून त्यांच्याबरोबर गेल्या. दवाखान्याच्या ओट्यावर त्या आणि इंदूबाई एकाच डब्यातून जेवायच्या, हे मला रेणुकानं पुढं सांगितलं. तिनं अजून एक सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम तिच्या खाटेपाशी आल्या, तर ती पाठीवर उताणी पडलेली, उशीसुद्धा बाजूला. मॅडमना बघून म्हणाली, "मॅडम, मी आडवी झोपले."

मॅडमनी तोंडाला पदर लावला आणि व्हरांड्यात निघून गेल्या.

बातमी लपली नाही. सोयरीक मोडली. दत्तरावांनी मॅडमशी बोलणं टाकलं. गावात काही जण त्यांना 'लग्न मोडणारी मॅडम' म्हणायला लागले. मी हे त्यांना सांगायचं टाळत होतो, पण त्यांच्या कानावर आलंच होतं.

"बराबर आहे की," त्या म्हणाल्या. "मोडलंच मी."

एवढं बोलून त्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसायला लागल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत होत्या.

लहानपणीचा तो गुडघे सुजवणारा ताप पुन्हा उलटू नये म्हणून रेणुकाला तीन तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं होतं, आणि तेही बरीच वर्षं. मॅडमचं लक्ष त्यावर. इंजेक्शनच्या दिवशी शाळा सुटली की त्या आरोग्य केंद्रावर जायच्या. दत्तराव पोरीला मोटारसायकलवर घेऊन यायचे, पोरगी आत जायची आणि हे बाहेर लिंबाखाली पाठ करून उभे राहायचे. मॅडम समोरून गेल्या तरी मान वळवायचे नाहीत. पण एकही इंजेक्शन त्यांनी चुकू दिलं नाही. मॅडम मला म्हणाल्या, "माझ्याशी बोलू नका म्हणावं, पण गाडी अशीच वेळेवर आणा."

एक दिवस मधल्या सुट्टीत दत्तराव शाळेच्या फाटकात येऊन उभे राहिले. घामानं निथळलेले. मी पुढं झालो, तर माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ मॅडमपाशी गेले.

"सुई संपली म्हणून राहिले दवाखान्यात. गाडी कधी येईल, ठावं न्हाई म्हणतात. आता?"

कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून मॅडमसाठी निघालेलं हे पहिलं वाक्य. मॅडम म्हणाल्या, "दम घ्या. पाणी प्या. मी सांजच्याला हिंगोलीतून घेते, उद्या सकाळी आणते." दत्तरावांनी तांब्या उचलला, पाणी प्याले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. यायच्या कितीतरी आधी फाट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी मॅडम पहिल्यांदा मोटारसायकलवरून शाळेत आल्या. आत बर्फ असावा तशी इंजेक्शनांची पिशवी जपून छातीशी धरून.

"बर्फ लागत न्हाई त्याला," मी विचारल्यावर त्या म्हणाल्या. "पिशवी धरली होती ती भीतीनं. दत्तराव गाडी काय चालवतात!"

पुढं रेणुकाला कळमनुरीकडचं एक स्थळ आलं. बैठकीला भावकीतला म्हणून मलाही बोलावणं होतं. पाहुणे बसले, सुपारी फिरली, शेतीवाडीचं बोलणं व्हायला लागलं. दत्तराव मध्येच म्हणाले, "पुढं जायच्या आधी एक सांगतो."

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"आपल्या हिरीवरल्या मोटारीचा फुटवाल, पायपाच्या बुडाची झडप, चिकटतो, तवा पाणी कमी फेकती की न्हाई? तसं माझ्या पोरीच्या काळजात झालतं. दवाखान्यात नेऊन सोडवून आणलं. आता ठीक हाय. पण सुई चालू हाय आणि चालू राहील. लेकराच्या वेळेला मोठ्या डॉक्टरच्या नजरेखाली ठेवावं लागंल. पटलं तर पुढं बोलू. न्हाई पटलं तर जेवून जावा, आमची काही तक्रार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचल्या पोचल्या मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या पेपर तपासत होत्या. पेन तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "आणि पाहुणे?"

"चहा घेतला. म्हणाले, डॉक्टरला विचारून कळवतो."

"विचारून कळवतो म्हणाले?"

"व्हय."

"मग चांगली माणसं आहेत," मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा पेपरावर वाकल्या. थोड्या वेळानं बघतो, तर एकाच उत्तराला त्यांनी दोनदा गुण दिले होते.

पाहुण्यांनी खरंच डॉक्टरांना विचारलं, आणि ते लग्न झालं. पुढं रेणुकाला मुलगी झाली. दिवस भरत आले तसं तिला दवाखान्यातच ठेवलं होतं. मायलेकी दोघीही सुखरूप घरी आल्या.

मॅडम निवृत्त झाल्या आणि मग फार दिवस राहिल्या नाहीत. हिंगोलीत भावाच्या घरी, दुपारी जेवून पडल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. मला कळलं तेव्हा मी नातेवाइकांच्या कामासाठी बाहेरगावी होतो. मी पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. त्यामुळं त्यांचा शेवटचा चेहरा माझ्याकडं नाही. माझ्याकडं आहे तो निरोपाचा दिवस.

भाषणं झाली. शाल झाली. मुख्याध्यापकांनी फाट्यापर्यंत सोडायला जीप सांगून ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, "रोज चालत गेले, आज काहून जीप?" आणि निघाल्या. मागं सगळी शाळा. पाचवीच्या चिमुरड्यांपासून बारावीपर्यंत, एरवी सुटल्यावर धूळ उडवत पळणारी पोरं. मॅडम बाभळीपाशी थांबल्या, पोरं थांबली. मॅडम चालायला लागल्या, पोरं चालायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या रस्त्यावर एकही पोर त्यांच्या पुढं गेलं नाही.

फाट्यावर एस.टी. आली. गर्दी होती. कोणीतरी मॅडमना खिडकीशी जागा करून दिली. आम्ही सगळे खाली रांगेनं उभे, त्या वळून हात करतील म्हणून. त्यांनी हात केला नाही. त्यांच्या शेजारी एक बाई उभी होती, एका हातानं वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात गाठोडं, आणि काखेत रडून राहिलेलं लेकरू. गाडी हलली तेव्हा मॅडम दोन्ही हात पुढं करून ते लेकरू आपल्या मांडीवर घेत होत्या.